पाण्यात टाकण्याआधी : जुनी, ठिसूळ डिकॅल्स कशी वाचवायची?

आजचा विषय इतका लहान आहे की तो चिमट्याच्या टोकावर मावतो. विमानं, जहाजं, रेल्वे इंजिनं यांची प्रमाणबद्ध छोटी मॉडेल्स बनवणाऱ्यांना तो माहितीचा आहे. बाकीच्यांसाठी आधी थोडी ओळख करून देऊ आणि मग कामाकडे वळू.

मॉडेलच्या किटचं खोकं उघडलं की आत प्लॅस्टिकचे सुटे भाग असतात, जोडणीचं माहितीपत्रक असतं आणि एक छापील कागद असतो. विमानाचं राष्ट्रीय चिन्ह, त्याचा क्रमांक, स्क्वाड्रनचं बोधचिन्ह, पंखावरच्या ‘इथे पाय ठेवू नका’सारख्या बारीक सूचना, हे सगळं त्या कागदावर छापलेलं असतं. हीच डिकॅल्स. हवं ते चिन्ह कापायचं, पाण्यात भिजवायचं आणि कागदावरून अलगद सरकवून मॉडेलवर बसवायचं. हा प्रकार आपल्या घरात पूर्वीपासून आहे. आजीच्या शिलाई मशीनवरची सोनेरी वेलबुट्टी आठवते? ती हातानं रंगवलेली नसायची, तेही डिकॅलच. चिनी मातीच्या कपबशीवरची फुलंसुद्धा बहुतेक वेळा अशीच चढवलेली असतात, फक्त ती नंतर भट्टीत भाजून पक्की करतात.

आता अडचण काय ते बघा. किटमधलं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. खोक्यात उन्हापासून दूर राहिलं तर पन्नास वर्षांनीही ते जोडता येतं. रंग तर आपण ताजे आणतो. गोंद ताजा आणतो. संपूर्ण खोक्यात म्हातारी होणारी आणि पुन्हा न मिळणारी वस्तू एकच, डिकॅलची शीट. आणि तीच मॉडेलला ओळख देते. तिच्याशिवाय ते नुसतं कुठलं तरी करडं विमान असतं.

आजच्या भाषणातून एकच गोष्ट घरी नेली तरी चालेल, म्हणून ती आधीच सांगून टाकू. जुनं डिकॅल पाण्यात जाईपर्यंत तुमचा प्रत्येक निर्णय बदलता येतो. पाण्यात गेल्यावर एकही बदलता येत नाही. म्हणून खरं काम पाण्याच्या आधीचं आहे.

एक उदाहरण हाताशी धरू

नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक विमान घेऊ. हॉकर सी हॉक. १९६१ साली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका आपल्या नौदलात दाखल झाली, तेव्हा तिच्यावरची लढाऊ जेट विमानं म्हणजे ही सी हॉक. ‘व्हाइट टायगर्स’ या नावाने ओळखली जाणारी ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन ती उडवत असे. डिसेंबर १९७१ मध्ये याच विमानांनी ‘विक्रांत’वरून उड्डाण करून चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. गोव्यात बोगमाळोला नौदलाच्या हवाई संग्रहालयात सी हॉक बघायला मिळतं. न पाहिलेल्यांनी आवर्जून बघावं.

समजा, तुमच्याकडे १/७२ प्रमाणातलं सी हॉकचं जुनं किट आहे आणि त्याला भारतीय नौदलाच्या चिन्हांची एक जुनी शीट जोडीला मिळाली आहे. १/७२ म्हणजे खऱ्या विमानावरचे ७२ सेंटिमीटर मॉडेलवर एक सेंटिमीटर होतात. खऱ्या विमानावर ३६ इंच व्यासाचं गोल चिन्ह असेल तर मॉडेलवर ते जेमतेम १२.७ मिलिमीटर भरेल. चार इंच उंचीची अक्षरं दीड मिलिमीटरपेक्षाही लहान होतील. शीट पिवळट पडली आहे, कडेला बारीक भेगा दिसताहेत. तशी दुसरी शीट बाजारात मिळेल याची खात्री नाही. आता काय करायचं?

डिकॅलचे थर

दुरुस्तीआधी रचना समजून घेऊ. पाण्याने सरकणाऱ्या डिकॅलमध्ये खालून वर असे थर असतात. सगळ्यात खाली पाणी शोषणारा कागद. त्यावर पाण्यात विरघळणारा गोंद. हा बहुधा डेक्सट्रिन असतो, म्हणजे स्टार्चपासून केलेला, आपल्या खळीचाच सुधारलेला भाऊ. त्यावर पारदर्शक लॅकरचा अतिशय पातळ पापुद्रा. आणि त्या पापुद्र्यावर, किंवा दोन पापुद्र्यांच्या मध्ये, छपाईची शाई. कागद भिजला की गोंद सैल होतो आणि पापुद्रा शाईसकट सुटतो. म्हणजे आपण मॉडेलवर जे चढवतो तो कागद नव्हे, तो हा पापुद्रा. ‘डिकॅल फुटलं’ म्हणतो तेव्हा हा पापुद्रा फुटलेला असतो.

या थरांची म्हातारपणं वेगवेगळी आहेत. ती ओळखता आली की उपाय आपोआप सुचतो.

पहिलं म्हातारपण पापुद्र्याचं. लॅकर लवचीक राहावं म्हणून त्यात मऊपणा आणणारी द्रव्यं घातलेली असतात. वर्षानुवर्षं ती हळूहळू उडून जातात. प्लॅस्टिकचा जुना रेनकोट कपाटात कडक होऊन घडीवर तडकतो ना, तसंच. असा पापुद्रा कागदाला चिकटलेला असतो तोवर धड दिसतो. कागदाने त्याला धरून ठेवलेलं असतं. पाण्यात आधार सुटला की त्याचे शंभर तुकडे होतात.

दुसरं म्हातारपण रंगाचं. पापुद्रा पिवळा पडतो. पांढरी अक्षरं मलईसारखी दिसतात आणि जिथे काहीच दिसायला नको तिथे चहाचा डाग पडल्यासारखी कडा दिसते.

तिसरं म्हातारपण गोंदाचं. आणि इथे आपल्या हवेचा थेट संबंध येतो. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांना विचारा, पावसाळ्यात न वापरलेली तिकिटं एकमेकांना कशी चिकटतात. कारण तेच, गोंद हवेतलं पाणी ओढतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात चार महिने ही परीक्षा चालू असते. डिकॅलचा गोंद ओला होतो, सुकतो, पुन्हा ओला होतो. मग काही ठिकाणी तो कागदाला घट्ट धरून बसतो, काही ठिकाणी त्याची चिकटण्याची ताकदच जाते. शिवाय स्टार्च म्हणजे बुरशीचं जेवण. शीटवर करडे ठिपके दिसले तर ते बहुतेक वेळा तिचेच.

आधी नक्कल, मग परीक्षा

पहिलं काम : स्कॅन. शीटला बोट लावण्याआधी तिची चांगली प्रत काढून ठेवा. साध्या घरगुती स्कॅनरवर ६०० डीपीआय पुरेसं आहे. शेजारी स्टीलची पट्टी ठेवून स्कॅन करा, म्हणजे नंतर मापाचा वाद राहत नाही. पांढरी अक्षरं फिकट कागदावर दिसत नाहीत. त्यांच्यासाठी दिव्याचा प्रकाश तिरपा पाडून एक फोटो वेगळा काढा. हे दहा मिनिटांचं काम आहे. पुढे काहीही झालं तरी माहिती शिल्लक राहते.

दुसरं काम : परीक्षा. जवळजवळ प्रत्येक शीटवर तुम्हाला न लागणारं काहीतरी असतं. किटच्या कंपनीचं नाव असतं, दुसऱ्या देशाच्या विमानाचे क्रमांक असतात. त्यातला एक तुकडा कापा आणि कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद ठेवून ओल्या टिश्यूवर काढा. मिनिटभराने बोटाने किंचित ढकलून बघा. अखंड सरकला, तर शीट ठीक आहे. सरकला पण फुटला, तर पापुद्रा गेलाय. सरकतच नाही, तर गोंद धरून बसलाय. सरकला, पण सुकल्यावर चिकटला नाही, तर गोंदाची ताकद गेली आहे. एका फालतू तुकड्याने तीन रोगांपैकी कुठला ते सांगितलं. अशी परीक्षा शीटच्या दोन टोकांना करावी. एकाच शीटचा खोक्याच्या कडेकडचा भाग जास्त खराब असू शकतो.

पिवळेपणावर ऊन

तैलचित्रांच्या जतनात एक जुना अनुभव आहे. जवसाच्या तेलात रंगवलेलं चित्र अंधारात ठेवलं तर पिवळं पडतं आणि उजेडात आणलं की तो पिवळेपणा बराचसा उतरतो. डिकॅलच्या लॅकरचंही तसंच होतं. पिवळा रंग देणारे रेणू प्रकाशातल्या अतिनील किरणांनी तुटतात.

कृती सोपी आहे. शीट पारदर्शक झिप पिशवीत घाला, पिशवीतली हवा शक्य तेवढी काढा आणि छापील बाजू बाहेर करून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. रोज बघा. आपल्याकडच्या उन्हात कधी तीन-चार दिवसांत फरक दिसतो, कधी दोन-तीन आठवडे लागतात. दोन सावधगिऱ्या पाळा. एक, ऊन शाईलाही लागतं. लाल आणि नारिंगी रंग उडताहेत असं वाटलं की लगेच काढा. त्यासाठी सुरुवातीचा स्कॅन तुलनेला उपयोगी पडतो. दोन, हे काम पावसाळ्यात करू नका. पिशवीत दमट हवा अडकली की आत घाम येतो आणि गोंदाचं नुकसान होतं. मार्च-एप्रिल उत्तम. पापड-कुरडया वाळवायचा हंगामच म्हणा ना.

फुटक्या पापुद्र्याला नवा पापुद्रा

आता मुख्य उपाय. पापुद्रा ठिसूळ झालाय, तर त्याच्यावर नवा, लवचीक पापुद्रा चढवायचा. जुना त्याला चिकटून राहतो आणि पाण्यात आधार देण्याचं काम नवा करतो.

याचे दोन रस्ते आहेत. पहिला, खास यासाठीच बनवलेलं द्रव. मायक्रोस्केल या कंपनीचं ‘लिक्विड डिकॅल फिल्म’ हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. मऊ, रुंद, सपाट ब्रश घ्या. चिन्हावर एकाच दिशेने एकदाच फिरवा. राहिलं म्हणून परत परत घासू नका, नाहीतर खालची शाई उचलली जाईल. रात्रभर सुकू द्या.

दुसरा रस्ता, चकचकीत पारदर्शक लॅकरचा फवारा. यात पहिले दोन थर अगदी विरळ, धुक्यासारखे मारायचे. एकदम ओला थर दिला तर लॅकरमधलं द्रावक जुन्या शाईला विरघळवू शकतं. विरळ थर सुकले की वर एक भरीव थर द्यायचा. दोन्हींत फरक काय? ब्रशने लावायचं फिल्म मऊ राहतं आणि पुढे डिकॅल बसवायच्या द्रवांना साथ देतं. फवाऱ्याचं लॅकर जास्त मजबूत, पण थोडं जाड आणि हट्टी. सपाट जागेवरच्या चिन्हाला ते चालतं. वळणावर, फुगवट्यावर बसवायचं असेल तर पहिला रस्ता बरा.

जाडीचा विचार करायलाच हवा. समजा, सगळा मिळून थर ०.०२ मिलिमीटर झाला. ऐकायला काहीच नाही. पण १/७२ च्या हिशेबाने खऱ्या विमानावर ती जवळजवळ दीड मिलिमीटर जाडीची चकती होईल. म्हणून आवश्यक तेवढाच एक थर. ‘अजून एक हात मारू, मजबूत होईल’ हा मोह इथे नडतो.

आणि एक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षात राहत नाही. मूळ छपाईत प्रत्येक चिन्हाचा पापुद्रा वेगळा असायचा, आजूबाजूला नुसता कागद. आता तुम्ही अख्ख्या शीटवर सलग पापुद्रा चढवलाय. म्हणजे प्रत्येक चिन्ह अगदी कडेने कापावं लागेल. ब्लेडचं पातं नवीन असू द्या, एकदाच दाबून कापण्याऐवजी तीन-चार हलक्या ओढींत कापा. आणि क्रम विसरू नका, आधी थर, मग कापणी. ठिसूळ पापुद्रा थर न देता कापायला गेलं तर पात्याच्या बाजूनेच भेग धावते.

पाण्यातले दोन मिनिट

इतकं झालं की मग पाणी. कोमट घ्या, हाताला सुखाचं वाटेल इतपत. जुना गोंद थंड पाण्याला लवकर दाद देत नाही. डिकॅल पाण्यात पोहत ठेवू नका. दहा-पंधरा सेकंद बुडवून ओल्या टिश्यूवर ठेवा आणि कागदाला आपल्या वेळेने पाणी पिऊ द्या. पोहत ठेवलं तर दोन तोटे होतात, गोंद धुऊन जातो आणि सुटलेला पापुद्रा गुंडाळतो. गुंडाळलाच तर बोटाने उलगडायला जाऊ नका. परत पाण्यात सोडा, ब्रशने जवळचं पाणी हलवा, तो स्वतःहून उलगडतो.

चिमट्याने पापुद्रा उचलायचा नाही. कागद चिमट्यात धरायचा, मॉडेलवर जिथे चिन्ह बसायचं तिथे टेकवायचा आणि ओल्या ब्रशने पापुद्रा कागदावरून मॉडेलवर सरकवायचा. जुन्या डिकॅलला हवेत लटकण्याची वेळ येऊ द्यायची नाही, एवढं सूत्र पुरे.

चंदेरी डाग कुठून येतो?

डिकॅल नीट बसलं तरी सुकल्यावर त्याच्या पारदर्शक भागात चंदेरी झाक दिसते. हा दोष नव्या डिकॅललाही होतो, जुन्याला जास्त. कारण समजलं की उपाय पटतो. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. डिकॅल त्याच्या उंचवट्यांवर टेकतं आणि खड्ड्यांत हवा अडकते. प्रकाश लॅकरमधून हवेत आणि हवेतून रंगात जाताना दर सीमेवर साधारण चार टक्के परत फेकला जातो. अशा हजारो बारीक सीमा एकत्र आल्या की डोळ्यांना चंदेरी दिसतं. हवेच्या जागी गोंद किंवा वॉर्निश असेल, तर ते लॅकरसारखंच वागतं आणि सीमा जवळजवळ नाहीशी होते. घासलेल्या काचेवर पाणी टाकलं की ती पारदर्शक होते, तोच हा नियम.

म्हणून डिकॅल लावायच्या जागी आधी चकचकीत वॉर्निशचा हात द्यायचा आणि तो पूर्ण सुकू द्यायचा. मग मायक्रो सेटसारखं बसवायचं द्रव लावायचं, वर डिकॅल, आणि ते जागेवर आल्यावर मायक्रो सॉलसारखं मऊ करणारं द्रव. हे दुसरं द्रव पापुद्र्याला इतकं मऊ करतं की तो पत्र्यांच्या जोडरेषांत, रिव्हेटवर उतरतो. मधे तो सुरकुततो, तेव्हा घाबरून हात लावू नका. सुकताना तो आपणच ताणून बसतो. ठिसूळ डिकॅलवर मात्र हे द्रव आधी फालतू तुकड्यावर आजमावा. काही जुन्या शाया त्याला सोसत नाहीत.

गोंदाची ताकद गेली असेल तर? पांढरा पीव्हीए गोंद, म्हणजे आपल्या ओळखीचा फेव्हिकॉलसारखा, एक भागाला चार-पाच भाग पाणी घालून मॉडेलवर त्या जागी लावा आणि त्यावर डिकॅल सरकवा. जास्तीचा गोंद ओल्या ब्रशने टिपून घ्या. तोच गोंद खालच्या खड्ड्यांतली हवाही बाहेर काढतो, म्हणजे चंदेरी डागाचाही बंदोबस्त होतो. दुसऱ्या दिवशी ओल्या मऊ कापडाने कडा पुसा, सुकू द्या, आणि सगळ्यावर संरक्षक वॉर्निशचा शेवटचा थर द्या.

सगळंच वाचवायला हवं का?

आता आपण परत सी हॉककडे येऊ. त्या शीटवर तीन प्रकारची चिन्हं आहेत असं धरा. भगवं-पांढरं-हिरवं गोल राष्ट्रीय चिन्ह, अंक आणि अक्षरं, आणि स्क्वाड्रनचं बोधचिन्ह. या तिघांसाठी एकच उपाय वापरायचं कारण नाही.

राष्ट्रीय चिन्ह म्हणजे एकात एक तीन वर्तुळं. ते डिकॅलशिवायही करता येतं. वर्तुळ कापायच्या कंपासने मास्किंग टेपचे गोल कापून रंगवा. जुन्या छपाईत रंग एकमेकांवर नीट जुळलेले नसणं ही नेहमीची गोष्ट आहे. मग पांढरं वर्तुळ एका बाजूला जाड आणि एका बाजूला बारीक दिसतं. रंगवलेलं चिन्ह त्याहून चांगलं होईल. शिवाय असं चिन्ह नव्या शीट्सवरही मिळतं.

अंक आणि अक्षरं नव्याने छापता येतात, पण इथे एक मेख आहे. घरगुती इंकजेट किंवा लेझर प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. पांढरा म्हणजे कागदाचाच पांढरा. पारदर्शक डिकॅल कागदावर भगवा छापून तो गडद करड्या पंखावर लावला तर भगवा दिसतच नाही, मळकट तपकिरी सावली दिसते. म्हणून फिकट रंगाखाली पांढरा थर लागतो. एक तर पांढऱ्या डिकॅल कागदावर छापून बरोब्बर कडेने कापा, किंवा मॉडेलवर आधी पांढरा आकार रंगवून त्यावर पारदर्शक डिकॅल बसवा. काळी अक्षरं मात्र फिकट पृष्ठभागावर बिनधास्त छापून लावा. इंकजेटची छपाई पाण्यात उतरते, तिच्यावर आधी पारदर्शक थर देणं अनिवार्य आहे.

राहिलं बोधचिन्ह. काही मिलिमीटरचा तो झेप घेणारा वाघ हाताने रंगवणं अवघड आणि घरच्या प्रिंटरवर त्याचा पांढरा येत नाही. म्हणजे या शीटवर ज्याच्यासाठी जीव टाकायचा ते हे एकच. नवा पापुद्रा, उन्हाची पिशवी, कोमट पाणी, सगळी काळजी यासाठी राखा. बारा चिन्हांवर मेहनत वाटण्यापेक्षा दोन चिन्हांवर एकवटलेली बरी.

इतकं करूनही फुटलं तर? तर ते कागदावर किंवा पाण्यात न जोडता मॉडेलवर जोडा. चकचकीत पृष्ठभागावर पाण्याचा मोठा थेंब ठेवा, तुकडे त्यावर सोडा आणि दोन ओल्या ब्रशांनी एकेक जवळ आणा. मोठा तुकडा आधी, त्याला धरून बाकीचे. पाणी टिपून घ्या, सुकू द्या. भेगांमध्ये रंग लागेल तो सगळ्यात बारीक ब्रशने भरा. हातभर अंतरावरून कुणाला कळणार नाही.

कागद हाही पुरावा असतो

एक शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा. चिन्हं ही सजावट नसते, ती माहिती असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या गोल चिन्हातला मधला लाल ठिपका काढून टाकला गेला, कारण जपानी विमानांवर लाल गोळा होता आणि आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडतील अशी धास्ती होती. एका ठिपक्यावरून विमान कुठल्या आघाडीवरचं, कुठल्या काळातलं ते ओळखता येतं. अक्षरांचं वळण, क्रमांकाची जागा, वाघाचं तोंड कुठल्या बाजूला, या सगळ्यात अशी माहिती साठलेली असते. संग्रहालयात उघड्यावर उभ्या असलेल्या विमानांना वेळोवेळी नव्याने रंगवावं लागतं, त्यामुळे आज त्यांच्यावर दिसतं तेच मूळचं असेल असं नाही. जुनी डिकॅल शीट शंभर टक्के बरोबर असते असंही आम्ही म्हणत नाही. पण जुन्या फोटोंच्या शेजारी ठेवायला तो आणखी एक साक्षीदार आहे. साक्षीदाराला पाण्यात सोडण्याआधी त्याची जबानी नोंदवून घ्यावी, म्हणजेच स्कॅन करावा, हा त्याचा अर्थ.

आणि न वापरलेली शीट ठेवायची कशी? सपाट, दोन शीटमध्ये बटर पेपर घालून, झिप पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. पुडीतले दाणे रंग बदलले की बदला. कपाट भिंतीला लागून असेल तर पावसाळ्यात त्या भिंतीची ओल आधी तपासा.

श्रोत्यांचे प्रश्न

*थर देण्यासाठी पारदर्शक नेल पॉलिश चालेल का?*

नको. त्यातलं द्रावक जहाल असतं, शाई पसरवतं, आणि थर जाड बसतो. घरात हाताशी आहे म्हणून वापरण्यात फायदा नाही.

*केस वाळवायच्या ड्रायरने लवकर सुकवलं तर?*

पापुद्रा गरम हवेने आक्रसतो आणि कडा उचलल्या जातात. पंख्याखाली ठेवा, तोही लांबचा. या कामात वाट बघणं हेही एक हत्यार आहे.

*माझ्या वडिलांनी सत्तरच्या दशकात घेतलेलं किट तसंच पडून आहे. ते आता नाहीत. शीट अगदी वाईट अवस्थेत आहे. किट बनवू की तसंच ठेवू?*

बनवायचं की नाही हे तुम्हीच ठरवा. त्यात आम्ही पडणार नाही. पण एवढं सांगू शकतो की बनवायचं ठरवलंत तरी मूळ शीट वापरलीच पाहिजे असं नाही. स्कॅन करा, शक्य ती चिन्हं रंगवा, उरलेली नव्याने छापा आणि मूळ शीट पिशवीत घालून खोक्यात राहू द्या. विमान तयार होईल आणि त्यांनी घेतलेला कागदही राहील. आणि मूळ चिन्हच लावायचं असेल, तर त्याच शीटवरच्या कंपनीच्या नावापासून सुरुवात करा. ते फुटलं तर काही बिघडत नाही, आणि पुढच्या चिन्हाचं काय करायचं ते त्याच्यावरून कळेल.